चालता येणारा उतरणीचा बूट

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी फारच बालिश होते. आता सदुसष्ट पूर्ण झाली, तेव्हा माझ्यातल्या त्या मुलीबद्दल मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. ती मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर राहायची, पालिकेच्या शाळेत पीटी शिकवून नुकतीच रिटायर झाली होती, आणि चावणारी कुठलीही गोष्ट आठ दिवसांत सैल होते असं तिचं ठाम मत होतं.

परवा नातीने विचारलं, "आजी, स्कीचा बूट कुठला घेऊ गं? लिफ्टने वर जाऊन उतरायचा, की चढायचा?" ती यंदा गुलमर्गला निघाली आहे. मी तिला दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते उत्तर मला कसं मिळालं, ते इथे लिहिते.

मुलुंडच्या बाईचा आणि बर्फाचा संबंध काय, हे आधी. मी पन्नाशीत असताना पीटीच्या शिक्षकांसाठी डोंगरातल्या एका संस्थेत स्कीइंगचं शिबिर निघालं. थंडीला घाबरून कोणी नाव देईना. मी दिलं. घरी सांगितलं, सक्तीचं प्रशिक्षण आहे, वरून आदेश आलाय. नवरा भांडुपला एका कंपनीत फिटर होता. माणसांना तो अजिबात मानायचा नाही, पण शिक्का मारलेल्या कागदापुढे त्याचा आवाज बसायचा. मी जनगणनेच्या कामाचा एक जुना कागद पुढे धरला. त्याने लांबून शिक्का बघितला आणि म्हणाला, "जा." पुढच्या वर्षी उजळणी प्रशिक्षण. त्याच्या पुढच्या वर्षी प्रगत प्रशिक्षण. मग प्रशिक्षकांचं प्रशिक्षण. असे सात हिवाळे, दरवर्षी दहा दिवस, मी सरकारी खोटं बोलून बर्फावर पडत राहिले.

आता दुसरी गोष्ट. नवरा मारायचा.

तोंडावर कधीच नाही. मी नोकरीवाली, शाळेत दिसलं असतं. तो लाथ मारायचा, नडगीवर. कंपनीत त्याला लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट होते. घरी आला की खुर्चीत बसायचा, मी लेस सोडायला वाकायचे, आणि दिवस वाईट गेलेला असला तर लेस सुटायच्या आधीच लाथ बसायची. हाडावर लोखंड. खण्ण असा आवाज काही येत नाही. ओला, बसका आवाज येतो, नारळ सिमेंटवर पडल्यासारखा. मग डोळ्यांसमोर पांढरं होतं आणि ओकारी येते. आमच्या ह्या हुशार मुलीने काय करावं? दर रविवारी तेच बूट पॉलिश करावेत. टोकाला जरा जास्तच, कारण तिथे लवकर घासतात ना!

तेहतीस वर्षं. मधूनमधून हाड तडकलं असेल, मला कळलं नाही. वर टेंगळं आली आणि तशीच राहिली. डाव्या नडगीवर तीन, उजव्या नडगीवर दोन.

रिटायर झाल्यावर पंचाईत झाली. आता मला कोण प्रशिक्षण देणार? त्या हिवाळ्यात जायचं तर सरळ सांगून जायला हवं होतं. आणि मला जायचंच होतं. शिवाय तिथले भाड्याचे बूट माझ्या नडग्यांना असे दाबायचे, की सात वर्षं मी गॉगलच्या आत रडत उतरले. तेव्हा या वेळी स्वतःचे बूट घेऊन जायचं ठरवलं. त्या वयात पुढच्या वर्षी बघू म्हणण्यात काही अर्थ नसतो.

अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात एक माणूस स्कीचे बूट विकायचा आणि पायाला बसवून द्यायचा. पस्तिशीचा असेल. परदेशात काही हिवाळे स्कीच्या दुकानात काम करून आला होता. मी पायात लोकरीच्या मोज्यांचे दोन-दोन जोड चढवून, रुबाबात गेले.

"बोला मावशी, नातवासाठी?"

"माझ्यासाठी. आणि कडक दे. पोरं घालतात ना, त्यातला."

"वजन किती तुमचं?"

"बाईला विचारतात का असं?"

"मला नका सांगू, बुटाला सांगा. त्याला पुढे वाकवायचंय तुम्हाला. हललाच नाही तर बूट उतरेल, तुम्ही मागे राहाल."

मी वजन सांगितलं. दोन किलो कमी करून. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मनातल्या मनात तीन किलो वाढवले असावेत.

मग तो म्हणाला, "लिफ्टने किती दिवस, आणि चालून किती?"

"निम्मं-निम्मं," मी म्हटलं. चालून म्हणजे स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची आणि लिफ्ट जिथे जात नाही तिथे स्वतःच्या पायांनी चढायचं. सात वर्षांत मी मोजून नऊ दिवस चढले होते, पण सांगताना मात्र रोज हिमालय ओलांडत असल्यासारखी सांगायचे.

"मावशी, खरं सांगा हां. इथे कोणी ऐकत नाहीये."

"आठ दिवस लिफ्ट. दोन दिवस चालून. तब्येत बरी असली तर."

"मग डोक्यात फिट करा. उतरणीचा बूट घ्यायचा, ज्याला चालता येतं. चालायचा बूट घ्यायचा नाही, ज्याला कसंबसं उतरता येतं. चालायचा हलका असतो, दुकानात सगळे त्याच्या प्रेमात पडतात. मग कडक बर्फावर तो वेडावाकडा होतो आणि गुडघ्याची वाट लागते."

त्याने तीन बूट काढले. दोन बाजूला सारले आणि मधला पुढे केला. चार बकलं, वजनाला मध्यम. मागे घोट्याच्या वर एक खटका. तो खाली असला की बूट पायाला पकडून ठेवतो. वर केला की घोटा मोकळा होतो आणि पाऊल पुढेमागे झुलतं. टोकाशी दोन्ही बाजूंना लोखंडी भोकं, चढताना टाच सुटी राहावी म्हणून. मी खटका वर-खाली, वर-खाली करत बसले.

"खेळणं नाहीये ते," तो म्हणाला. "मोजे काढा. दोन काय घातलेत? एक, आणि तोही पातळ."

त्याने बुटाच्या आतला मऊ बूट ओढून काढला आणि नुसत्या प्लास्टिकच्या कवचात माझा पाय घातला. बोटं पुढे टेकवली, टाचेच्या मागे स्वतःची बोटं घालून बघितली. दीड बोट जागा. "मापात आहे," म्हणाला. मग सगळं परत जोडून बकलं आवळली आणि मला पुढे वाकायला सांगितलं. मी वाकले. नडगी बुटाच्या समोरच्या जिभेवर टेकली आणि माझ्या तोंडून अशी शिवी निघाली की त्याने आधी दाराकडे बघितलं.

"चावतोय?"

"चावू दे रे," मी डोळे पुसत म्हटलं. "आमच्याकडे चप्पल आठ दिवस चावतेच. खोबरेल तेल लावायचं, कापूस घालायचा, मग आपली होते. सैल होईल."

"मावशी, हे चामडं नाही. आतला फोम थोडा दबेल. कवच नाही दबणार. दहा वर्षांनी पण एवढंच चावणार ते."

हे वाक्य त्या मुलीने ऐकलं, मान डोलावली आणि सोडून दिलं.

त्याने बूट काढला, पँट वर सारली आणि अंगठा नडगीवरून खाली फिरवला. पहिल्या टेंगळाशी थांबला. दुसऱ्याशी. तिसऱ्याशी. दुसरा पाय घेतला.

"फुटबॉल?"

"खो-खो."

"खो-खोत एवढं?"

"आमच्या वेळचा खो-खो होता."

त्याने पँट खाली सोडली. मग माझ्याकडे न बघता, बुटाच्या जिभेकडे बघत म्हणाला, "ह्याच्यावर इलाज आहे. प्रत्येक टेंगळाच्या समोर फोम कापून खड्डा करायचा, मग गरम करून पायावर बसवायचा. हाड खड्ड्यात जातं, दुखत नाही. पण हे एकदाच होतं. उद्या दुसऱ्या जागी नवीन टेंगूळ आलं तर माझ्याकडे काही नाही. नवीन येणार आहे का?"

"रिटायर झाले रे मी," मी हसत म्हटलं. "आता कसला खो-खो!"

त्याने बूट मला घरी न्यायला दिला. रोज संध्याकाळी तासभर घरात घालून फिरा, रस्त्यावर नाही, टाचा दुखल्या तर सांगा. सगळं ठीक वाटलं की या, मग कापतो. तोवर कापणार नाही.

तीन संध्याकाळी मी गाऊनखाली ते बूट घालून स्वयंपाक केला. खटका वर करून भाकऱ्या थापल्या, खाली करून बांगडे तळले. नवरा टीव्हीसमोर. कंपनी सुटल्यापासून तो घरात अनवाणी असायचा आणि त्याचा मार जरा हलका झाला होता. मी त्याला सुधारणा म्हणत असे.

तिसऱ्या संध्याकाळी मी सांगून टाकलं. जेवणाच्या टेबलाशी, पाणी ओतता ओतता. "अहो, मी पंधरवड्याने गुलमर्गला जातेय."

"प्रशिक्षण?"

"नाही. अशीच."

"अशीच म्हणजे? कागद खंय?"

"कागद नाही. कधीच नव्हता."

वर्षानुवर्षांचं खोटं मी एका घोटात ओतलं, म्हणजे बघा किती अक्कल होती. त्याने ताट बाजूला केलं. "माका शिकवतंस?" म्हणाला आणि टेबलाखालून सगळी ताकद लावून लाथ मारली.

मला फक्त ठक्क ऐकू आलं. एखाद्याने बादलीवर थाप मारावी इतपत. पाय हललासुद्धा नाही. समोर नवरा मात्र खुर्चीसकट मागे कोसळला. अंगठा बाजूला वळला होता, नख उपटून वर उभं, आणि रक्त फरशीवर पसरत चाललं होतं. तो गुरासारखा ओरडत होता. मी काय केलं असेल? "अहो, लागलं का?" म्हणत धावले. धावले ती त्याच बुटांत, आणि घाईत त्याच्या दुसऱ्या पायावर उभी राहिले. हे मात्र मुद्दाम नव्हतं. असं मी नऊ वर्षं म्हणत आलेय.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? नवरा छताकडे बघत म्हणाला, "बाथरूममध्ये घसरलो." मी चमकून बघितलं. तेहतीस वर्षं हे वाक्य माझं होतं. इतक्या वेळा, इतक्या डॉक्टरांना सांगितलेलं, आणि हा माणूस एकदाही न अडखळता म्हणून मोकळा झाला!

अंगठा मोडला होता. प्लास्टर घातलं, ॲल्युमिनियमची काठी दिली. आणि आमची मुलगी, अठ्ठावन्न वर्षांची, पाघळली. त्याला पेज करून दे, उशी दे, पाय उचलून स्टुलावर ठेव. मनात म्हणत होती, आता त्याला कळलं असेल दुखणं म्हणजे काय. आता होईल सैल.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा द्यायला वाकले. अनवाणी. त्याने काठी दोन्ही हातांनी धरून डाव्या नडगीवर हाणली. कप फुटला. मी खाली बसायच्या आत दुसरी बसली, त्याच जागी, आणि कातडी फाटून आतलं पांढरं दिसलं. "आता जा," तो म्हणाला. "जा बर्फात."

ते ऐकल्यावर मला कळलं की त्याने रागाच्या भरात मारलं नव्हतं. तीन दिवस स्टुलावर पाय ठेवून, माझी पेज पिऊन, त्याने जागा निवडली होती.

बूट खुर्चीखाली होता. मी तो उचलला. दीड किलोच्या वर वजन, टाच दगडासारखी. डोक्यावर नेला. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि कोपरं आत ओढली. असे हात घेतलेले मी आजवर फक्त आरशात पाहिले होते, तेही मुद्दाम सराव करताना. मी थांबले नाही. टाच त्याच्या मांडीवर आपटली, एकदा. तो किंचाळला. पुन्हा उचलला. दुसऱ्यांदा काठीवर मारला, ती वाकली. तिसऱ्यांदा काचेच्या टीपॉयवर. काच फुटून सगळ्या खोलीभर झाली. खालच्या शेजाऱ्याने पंख्याच्या दांड्याला ठोकून निषेध नोंदवला.

मला बरं वाटलं. ते लिहिते, कारण या वयात खोटं लिहायला वेळ नसतो. खूप बरं वाटलं, आणि चौथा घाव कुठे घालावा हे डोळ्यांना आपोआप दिसत होतं. मग मात्र मी घाबरले. त्याला नाही, माझ्या हाताला. नडगीला पंचा गुंडाळला, बूट पिशवीत टाकले आणि रिक्षा करून अंधेरीला गेले. दवाखान्यात नाही, पोलिसात नाही, बूटवाल्याकडे! डोकं कसं चालायचं बघा त्या बाईचं.

त्याने पंचा सोडला. रक्त बघून तोंडातली सुपारी थुंकून आला.

"खो-खो?"

"नवरा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी.

त्याने जखम धुतली, पट्टी केली. शेजारच्या गाळ्यातून माझ्यासाठी चहा मागवला. मी म्हटलं, "काप आता. अकरा दिवसांनी निघायचंय."

"आज नाही कापता येणार, मावशी. सूज आहे. सुजेवर माप घेतलं तर चुकीच्या जागी खड्डा पडेल. तीन आठवडे लागतील. आणि त्या तीन आठवड्यांत ह्या पायाला काही म्हणजे काही लागता कामा नये. धक्का पण नाही. नाहीतर बूट विसरा."

"अकरा दिवसांनी जायचंय रे!"

"तारीख पुढे ढकला. हाड नाही ढकलता येत."

मी चहा घेत विचार करत बसले. तीन आठवडे नडगीला काही लागायला नको. जगात अशी जागा कुठे आहे? माझं घर डोळ्यांसमोर आणलं. स्वयंपाकघर, टेबल, खुर्ची, बाथरूम. एकेक खोली तपासली. एकही जागा सापडली नाही. तेहतीस वर्षं राहत होते तिथे, आणि तीन आठवडे पाय ठेवायला जागा नव्हती.

मग बोरिवलीला लेकीकडे गेले. तिने दार उघडलं, आधी पट्टीकडे बघितलं.

"किती दिवस?"

"तीन आठवडे. बूटवाल्याने सांगितलंय."

"आई, मी सात वर्षांची होते तेव्हापासून बघतेय. आणि तू आलीस ती बूटवाल्याने सांगितलं म्हणून?"

"अगं, त्याने कारण नीट समजावून सांगितलं."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिथेच दारात बसून रडली. मी उभीच. बसता येईना, पाय ठणकत होता.

विसाव्या दिवशी नवरा आला. प्लास्टर तसंच, नवीन काठी. दारातच उभा राहून गोड आवाजात म्हणाला, "चल. झालं ते झालं. जेवणाचे हाल होतायत."

"एक दिवस राहिलाय," मी म्हटलं.

"कसला?"

"नडगीचा."

त्याने काठी उचलली. सवयीने माझा पाय मागे गेला, आणि मला त्या पायाची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. एवढा शिकवलेला, एवढा पोसलेला पाय. मी दार लावलं. त्याच्या तोंडावर, सावकाश, कडी घालून. पलीकडून एक लाथ बसली. दार सागवानी होतं. मग त्याचं ओरडणं जिन्यातून खाली खाली जात राहिलं, सगळ्या मजल्यांवरची दारं उघडल्याचं ऐकू आलं. लेक पोलिसांना फोन लावत होती. मी तिच्या हातातून फोन घेतला नाही. आधीच्या सगळ्या वेळी घेतला होता.

एकविसाव्या दिवशी अंधेरीला गेले. त्याने अंगठा फिरवला, दाबला. कुठे दुखतंय विचारलं. दुखत नव्हतं. डावीकडे आता चार होती, चौथं जरा तिरकं.

"लिपस्टिक आहे?"

"मी लावत नाही. लेकीची आणलीय, तिने पिशवीत घातली. का रे?"

त्याने सहाही टेंगळांवर एकेक ठिपका लावला. दोन्ही बूट चढवले, बकलं आवळली. "वाका पुढे. सगळं वजन टाका." मी टाकलं. दुखलं, पण पाय मागे घेतला नाही. त्याने बकलं सोडली, दोन्ही बुटांच्या जिभा बाहेर काढल्या. पांढऱ्या फोमवर सहा लाल ठिपके उमटले होते, एकीवर चार, दुसरीवर दोन. मी बराच वेळ बघत राहिले. सगळी एकत्र अशी मी कधी पाहिली नव्हती.

त्याने सुरी घेतली आणि हात वरच ठेवला.

"मावशी, सहा. सातव्याला जागा नाही बघा ह्यात. परत घरी जाणार असाल तर मी थांबतो, रागावणार नाही. भाड्याचे घाला."

"परत नाही जाणार," मी म्हटलं. "काप."